बंद वॉर्डच्या गजावरचा हात

मी एक जुना लोखंडी गजांचा दरवाजा आहे, मित्रांनो. लातूरच्या एका वेल्डरने मला घडवलं आणि टेम्पोत घालून नांदेडकडच्या एका मनोरुग्णालयात पोचवलं. कोर्टाच्या हुकमाने आलेल्या रुग्णांच्या बंद वॉर्डला मला बसवलं. "पक्का माल हाय," असं त्या दिवशी सगळे म्हणाले. माझी स्तुती झाली ती तेवढीच. पुढची बावीस वर्षं मी लाथा, थुंकी आणि काठीचे तडाखे सोसले. गंज चढला, पण रंगाचा हात कधी फिरला नाही.

तीन वर्षांपूर्वी पोलिसांनी संघपालला आणलं. अर्धापूरच्या केळीच्या मळ्यांत तो घड उतरवायचा. भाकरीत विष कालवलंय, असं त्याच्या कानात सारखं कोणीतरी सांगायचं. त्या भरात त्याने थोरल्या बहिणीवर, विशाखावर, कोयता चालवला. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं तुटली.

पहिल्याच दिवशी त्याने माझ्या गजांवर इतकं डोकं आपटलं, की रक्त ओघळत कडीपर्यंत आलं. आठवडाभरात त्याने शेषेराव नावाच्या वॉर्डबॉयचा गळा गजांतून आवळला. दुसऱ्या दोघा वॉर्डबॉयनी संघपालला काठ्यांनी झोडपलं. शेवटी शेषेरावच खोकत खोकत मध्ये पडला.

"बस करा. मारून हा बरा होणार हाय का?"

मग त्यानेच विशाखाला फोन लावला. "बाई, याला भेटाया कोणीच आलं न्हाई. आपलं माणूस पाहिजे याला."

विशाखा आली. संघपालने गजांतून हात घालून तिची वेणी धरली आणि तिचं तोंड माझ्यावर आदळलं. ओठ फाटला. मी लोखंड, मला मऊ होता आलं नाही.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा समोर उभी होती.

"कशाला आलीस?" तो गुरगुरला.

"तुला बघाया. आज अंबाडा घातलाय, वेणी न्हाई सापडायची."

पुढे तिने मळ्यातल्या टोळीचे मुकादम ज्ञानोबा यांनाही आणलं. ते भीतीने लांबच उभे राहायचे, पण कोणत्या मळ्यात घड लागले, कोणाचं लग्न ठरलं, ते सांगत राहायचे. डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडत होत्या. कानातला आवाज विरत गेला. एक दिवस संघपाल म्हणाला, "अक्का, हात दाखव."

तिने पदराखालचा हात काढला.

"हे मी केलं?"

"हाव. तू आजारी होतास."

तो जनावरासारखा ओरडला आणि गजावर कपाळ आपटू लागला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी विशाखाने तोच हात गजावर ठेवला. त्याचं कपाळ आणि मी, यांच्यामध्ये तिची हाडं कडकडली. तिने हात हलवला नाही. चौथ्या वेळी त्याचं डोकं वीतभर अलीकडेच थांबलं.

"दुखलं का, अक्का?"

"लई."

तो त्या तळव्यावर कपाळ टेकवून रडला.

तो लगेच बरा झाला नाही. मध्ये एकदा त्याने गोळ्या थुंकल्या, काचा फोडल्या, स्वतःचं मनगट कापलं. तेव्हाही ती दोघं आली. अखेर रुग्णाला घरी सोडायचं की नाही ते ठरवणाऱ्या मंडळाने विचारलं, याला बाहेर सांभाळणार कोण? विशाखा उभी राहिली, ज्ञानोबा उभे राहिले. "गोळ्या मी रोज बघीन," असं गावच्या आशा आरोग्यसेविका ज्योत्स्ना यांनी लिहून दिलं. गेल्या उन्हाळ्यात शेषेरावने कुलूप काढलं आणि संघपाल बहिणीबरोबर घरी गेला.

मित्रांनो, माणसाला कोंडून ठेवणं मला जमतं, बरं करणं जमत नाही. आत अजून चौदा जण आहेत. त्यांतल्या नऊ जणांना भेटायला कोणीच येत नाही. तुमचं कोणी अशा दरवाजाआड असेल, तर या. भीती वाटली तर लांब उभे राहा, पण या.

भेटीचा वार गुरुवार. वेळ अकरा ते एक.