करडा त्रिकोण

सून डाळिंबाच्या बागेत पडली तेव्हा राहीबाईनं आधी तिला शिवीच हासडली. "उन्हाचं निमित्त करून लोळतीस व्हय गं?" जवळ जाऊन बघितलं, तर समीक्षाच्या तोंडातून लाळ गळत होती आणि डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. पुढची शिवी राहीबाईच्या घशातच राहिली.

साताऱ्याहून फोटो काढायला आलेला भाचा, ऋषिराज, घरी होता म्हणून बरं. त्यानं गाडी हाणली आणि आटपाडीतला एक लहान दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं चालू केली नि बाहेर येऊन विचारलं, "कुठलं औषध फवारत होता?"

"डाळिंबाचं."

"अहो, नाव काय त्याचं?"

"नाव वाचाय आलं असतं तर म्या तुमच्या खुर्चीत नसते का बसले?"

बाई रागावल्या नाहीत, त्यामुळं राहीबाईला जास्तच भ्या वाटलं.

"बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. तो लाल असेल तर विष सगळ्यांत जहाल. मग हिला आत्ताच्या आत्ता सांगलीला हलवायचं, श्वासाचं मशीन माझ्याकडं नाही. निळा-हिरवा असेल तर हिला एवढा लांबचा रस्ता नको, इथंच सांभाळू. बाटली कुठाय?"

बाटली रिकामी झाल्या झाल्या राहीबाईनं राखेनं घासून वरचा कागद खरवडला होता. घेवड्याचं बी ठेवायला बाटली कुडावर उन्हात, कागद चुलीत. घरातली एक वस्तू वाया जात नाही म्हणून साऱ्या भावकीत तिचं नाव होतं. औषध आणलेलं तिच्या पोरानं, शिवतेजनं, दिवाळीच्या सुट्टीत. आता तो सीमेवर, आणि त्याचा फोन लागत नव्हता.

"बाटली हाय. कागद म्या जाळला," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"आत्या, थांबा! माझ्याकडं फोटो हाय!" ऋषिराजनं गळ्यातला कॅमेरा वर केला. सकाळी टाकीत औषध ओतताना समीक्षाला त्यानं बाटली हातात धरून उभी केली होती. डॉक्टरीणबाई पडद्यावर वाकल्या. बाटली होती, त्रिकोणही होता. करडा. अक्षरांवर ऊन चमकून सगळं पांढरंफटक.

"रंग?"

"ह्यो कॅमेरा रंग घेतच न्हाई मॅडम. नुसतं काळं-पांढरं."

"मागनं काढ की," राहीबाई म्हणाली.

"आत गेलाच न्हाई तर काढू कुठनं? अक्षरंबी गेली ती गेलीच. रंगीत कॅमेऱ्यात कवातरी थोडं परत मिळतं, ह्यात न्हाई."

"मग मोबाईलनं काढायला काय झालं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चार्जिंगला लावला होता."

"मेल्या! आंधळं जनावर गळ्यात बांधून हिंडतोस. बायकोबी अशीच बघून आणशील!"

ऋषिराज पुढचा फोटो लावत होता. राहीबाईचं तिकडं लक्ष गेलं आणि तिनं भिंत धरली. तीच समीक्षा, तीच बाटली, पण कपाळ कोरं. कुंकूच नाही.

"हिचं कुंकू कुठं गेलं रं?" सीमेवरचं पोरगं तिच्या डोळ्यांपुढं आलं.

"हायच की आत्या. आभाळ काळंभोर यावं म्हणून पुढं लाल काच बसवली होती. रंग कळत न्हाई ना ह्याला, म्हणून आपणच काच लावून फरक पाडायचा. त्या काचेतनं लाल वस्तू पांढरी दिसती, हिरवी-निळी काळी."

राहीबाईनं कॅमेरा त्याच्या हातातून ओढला. "मागचा दाव."

मागच्या फोटोत कुंकू गडद. त्रिकोण गडद.

"पुढचा."

कुंकू गेलेलं. त्रिकोणही गेलेला. हातातला हिरवा चुडा मात्र काळाकुट्ट.

"बाटली तीच?"

"तीच. काच बसवून, परत नीट जुळवून घेईस्तोवर वहिनी तशाच थांबल्या होत्या." बोलता बोलता त्याचाच चेहरा उतरला. बाटली गळत होती, हे त्याला आता आठवलं असावं.

"ऋष्या, जे कुंकवाचं झालं, तेच त्रिकोणाचं झालं."

उभ्या जन्मात राहीबाईनं आपलंच खरं केलं होतं. आज कोणीतरी म्हणावं, म्हातारे, तुला कळत नाही, गप बस, असं तिला वाटत होतं. कोणी म्हटलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. "लाल," त्या म्हणाल्या आणि अँब्युलन्सला फोन लावला. मग वळून विचारलं, "हातमोजे नव्हते घरात?"

"होते. शिवतेजनं आणलेले. नवे हायत, खराब हुतील म्हणून म्या कपाटात ठेवले."

हे सांगताना तिनं पदर तोंडाला लावला नाही. मान मात्र खाली गेली.

भिवघाट मागं पडला. तासगावचा रस्ता सरता सरत नव्हता. नर्स समीक्षाच्या तोंडावर रबरी फुगा दाबत होती. राहीबाईनं सुनेचा गारढोण हात दोन्ही हातांत धरला होता.

"श्वास घे गं, सटवे. घरात लय उलटं बोलतीस, आता दातखीळ बसली व्हय? बोल. काय पायजे ते बोल मला. म्या ऐकून घेती."

छाती वर आली. थांबली. राहीबाईनंही आपला श्वास धरला आणि सुनेची छाती पुन्हा हलेस्तोवर सोडला नाही.