पाठीवरची खडूची खूण

मी टप बोलतोय. घराचा नव्हे, गाडीचा. आणि पत्र्याचा नव्हे, कापडाचा. बटण दाबलं की घडी होऊन मागे जाऊन बसतो, पुन्हा दाबलं की अंग ताणून डोक्यावर येतो. घडी घालताना कुणी मध्ये बोट ठेवलं तर चिमटा काढतो. सवयच आहे तशी.

माझा जन्म गाड्यांच्या सीटा शिवायच्या एका दुकानात झाला. दुकान दोघा भावांचं. थोरला शिवायचा, धाकटा सामान उचलायचा आणि बडबड करायचा. थोरल्याने कुठूनतरी एक उघडीबोडकी जुनी गाडी आणली. नुसता सांगाडा होता वर. धाकटा म्हणाला, "दादा, हिला टोपी कोण घालणार?" थोरला म्हणाला, "मी शिवीन की." वहिनीने कापड धरलं, थोरल्याने खडूने रेघा मारल्या, कात्री चालली, मशीन घरघरलं आणि मी झालो. शिवण अशी, की मुंग्या रांगेत चालल्यात असं वाटावं.

थोरला माझे लाड फार करायचा. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडायची. पक्ष्यांनी केलेली घाण खरवडायची नाही, ओलं फडकं ठेवून मऊ होऊ द्यायची. मग कोमट पाणी, साधा साबण आणि कापडाच्या विणीच्या दिशेने हलका ब्रश. मला अशा गुदगुल्या व्हायच्या की विचारू नका. पत्र्याच्या टपांना हे सुख नाही. बिचारे नुसते चमकतात.

सगळा साबण निघेपर्यंत पाणी, मग खडखडीत वाळवणं. ओल्या अंगाने घडी घालायची नाही म्हणजे नाही. शेवटी काचांवर कागद चिकटवून माझ्या अंगावर पाणी मुरू न देणारं औषध फवारायचं. ते वाळलं की परीक्षा. धाकट्याने आत बसायचं, थोरल्याने वरून झारीने पाणी ओतायचं.

"गळतंय का रे?"

"गळतंय!"

थोरला झारी टाकून धावत यायचा, आतून तळहात फिरवून बघायचा. मी कोरडा ठणठणीत! धाकटा पोट धरून हसायचा आणि पाठीत एक धपाटा खायचा. दर वेळी हेच. दर वेळी थोरला फसायचा, किंवा फसल्यासारखं करायचा. खोटा आळ मात्र माझ्यावर यायचा. त्याचं कुणाला काही नाही.

मीही काही साधा नाही. शेजारच्या गॅरेजवाल्या काकांना मी आवडत नाही. "कापडाचं काय खरं? रेक्झिन चढवा," असं ते येता-जाता म्हणायचे. म्हणून पाऊस पडून गेला की मी कडेच्या पन्हळीत एक गार थेंब राखून ठेवायचो. काकांनी वाकून दार उघडलं की तो थेट त्यांच्या मानेवर. "बघा, गळतोय!" ते ओरडायचे. गळत नव्हतो. नेम धरत होतो.

एका सकाळी थोरल्याने माझी मागची शिवण बोटाने दाबून पाहिली. दोरा सैल झाला होता. त्याने खडूने एक रेघ मारली, शेवटी छोटी फुली केली आणि म्हणाला, "इथे जाड दोरा घालू." त्याच दिवशी त्याला ताप भरला. दवाखान्यात गेला. परत आला नाही.

धाकट्याने ती खडूची खूण पाहिली आणि त्याचं डोकंच फिरलं. कुणी हात लावायचा नाही, कुणी धुवायचं नाही. पावसाने खूण जाईल म्हणून त्याने माझ्यावर प्लास्टिकचा कागद टाकला आणि चारी बाजूंनी आवळून बांधला. रोज येऊन एक कोपरा उचलायचा, खूण आहे ना बघायचा, पुन्हा बांधायचा. माझा जीव गुदमरायला लागला. आत ओल कोंडली. अंगावर हिरवट बुरशी धरली. मी, जो एकेकाळी नेम धरून थेंब टाकायचो, तो कुजक्या पायपुसण्यासारखा वास मारू लागलो. वर ती सैल शिवण रोज थोडी थोडी उसवत होती.

वासावरूनच काका आले. कागद ओढून म्हणाले, "अरे, मेलाय हा. काप आणि फेकून दे." आणि त्यांनी अंगठा नेमका खडूच्या रेघेवर ठेवला.

धाकट्याने त्यांचं मनगट धरलं. "काका, हात काढा. नाहीतर आज काही खरं नाही."

"मला दम देतोस?"

आवाज ऐकून वहिनी बाहेर आली. बऱ्याच दिवसांनी ती गाडीपाशी येत होती. तिने मला पाहिलं, शिवणीत बोट घातलं. ते आरपार गेलं.

"काका, तुम्ही चहा घ्यायला आत बसा," ती म्हणाली. मग धाकट्याकडे वळली. "खूण जपत बसलास, आणि शिवण उसवली ती दिसली नाही?"

"राहू दे वहिनी."

"खडूची खूण कशाला असते? शिवायला. शिवून झालं की झटकायची."

"झटकली तर माझ्याकडे काय राहणार?" तो असा ओरडला की झाडावरचे पक्षी उडाले.

"हा अख्खा टप राहील. तो काय खडूने काढलाय?"

धाकट्याने शिवणीत स्वतःचं बोट घालून पाहिलं. मग एकदम पळत जाऊन गाड्या धुवायचा जोराच्या धारेचा पाइप घेऊन आला. हा असाच, एक तर काहीच नाही, नाहीतर सगळं एका दमात.

"पाइप ठेव. सगळे टाके उडतील. आधी सुई आण, मग ब्रश."

तो वरून सुई टोचायचा, वहिनी आत बसून ती ओढून परत वर द्यायची. रेघेवरूनच शिवलं, फुलीपर्यंत. थोरल्याच्या मुंग्या रांगेत चालायच्या. ह्याच्या मुंग्या झिंगून आल्यासारख्या. पण दोरा घट्ट बसला. मी पाठ ताणून पाहिली.

मग धुणं. बुरशी निघाली, रंग दिसायला लागला. धाकट्याने सगळीकडे ब्रश फिरवला, फक्त खूण सोडली. स्वच्छ पाठीवर मळक्या कापडाचं एक बेट उरलं. वहिनीने ते पाहिलं. तिने पाण्याचा मग भरून त्याच्या हातात दिला आणि पाठ फिरवली.

मी ती रेघ धाग्याधाग्यांत घट्ट धरून पाहिली. खोटं कशाला सांगू, मलाही सोडवत नव्हती. पण पाणी आलं आणि ती पांढरी होऊन काचेवरून खाली ओघळली.

उन्हात वाळलो, औषध लागलं, तेही वाळलं. वहिनी आत बसली. धाकट्याने झारी उचलली.

"वहिनी, गळतंय का?"

मी श्वास रोखून होतो. एक थेंब आत जाऊ दिला नव्हता!

"गळतंय!"

झारी पडली. तो धावला, दार उघडलं, आतून तळहात फिरवला. इकडे, तिकडे, शिवणीपाशी.

"कोरडं आहे की!"

"मग? सगळ्या थापा तूच मारायच्या का?"

तो हसला. मोठ्याने हसला, आणि हसता हसताच दाराला धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. थोरला गेल्यापासून तो रडला नव्हता. वहिनी तशीच बसून राहिली. रडणं ओसरल्यावर म्हणाली, "चल, ऊठ. पुन्हा ओत. ह्या वेळी खरं सांगते."

आता मी बरा आहे. जरा वाकडा शिवलेला, पण बरा. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर एवढंच करा. त्याला हळूच घासा, ओला असताना मिटू नका आणि प्रेमापोटी प्लास्टिकखाली कोंडू नका. आम्ही कापडाचे आहोत, आम्हाला वारा लागतो.

आता आवरतं घेतो. काका दिवसभरातला चौथा चहा पिऊन बाहेर येतायत. जमतंय का बघायला ते वाकून दार उघडणारच, आणि माझ्या पन्हळीत झारीचा एक गार थेंब अजून शिल्लक आहे.