खंडेनवमीला उघडलेलं झाकण

मित्रांनो, बसल्या जागेवरूनच बोलतो. मला बोल्टांनी जखडून ठेवलेलं आहे आणि तसंही आता अंगात फारसं त्राण उरलेलं नाही. मी एका जेट बोटीचा जुना शाफ्ट गार्ड आहे. पण एवढं लांबलचक कोण म्हणत बसतो? सगळे मला झाकणच म्हणतात. डब्याचं ते झाकण आणि मीही झाकण. पूर्वी मला याचा राग यायचा. आता म्हणतो, म्हणा बापहो, काय म्हणायचं ते म्हणा.

माझं काम काय, ते आधी सांगतो. जेट बोटीच्या मधोमध इंजिन असतं आणि मागच्या टोकाला पाणी ओढून मागे जोरात फेकणारा पंप असतो. या दोघांना जोडणारा एक लोखंडी दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. बोट पळू लागली की शाफ्ट इतका गरगर फिरतो की तो फिरतोय हे डोळ्यांना कळतसुद्धा नाही. त्यात कपडा गेला, केस गेले, हाताचं बोट गेलं, तर तो सोडत नाही. तो तुटला तर बोटीच्या तळाचे तुकडे करतो. म्हणून त्याच्याभोवती एक जाड कडं आणि कड्यावर पत्र्याचं पांघरूण असतं. ते कडं आणि पांघरूण मिळून मी.

माझा जन्म लकडगंजमधल्या एका वर्कशॉपमध्ये झाला. ओमप्रकाशजींनी मला घडवलं. जाड पट्टी तापवून वाकवली, वेल्डिंग केलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. मला न्यायला बोटीचा मालक रजत आला. सीताबर्डीत त्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आणि वेगाचं भारी वेड. मला हातात तोलून तो म्हणाला, "लई वजनी झालं गा भाऊ. बोट स्लो होईन नं."

"होऊ दे थोडी स्लो," ओमप्रकाशजी म्हणाले. "घरी तर पोचशीन."

मग मी कन्हानजवळच्या तलावावर आलो. जुन्या खाणीच्या खड्ड्यात पाणी साचून झालेला तो तलाव. शनिवार-रविवारी रजत तिथे बोट पळवायचा. माझ्या शेजारीच मागचं बाक, म्हणून लोक माझ्यावर पाय ठेवून बसायचे. कोणी चिवडा सांडायचं, कोणी ओला टॉवेल टाकायचं. खाली शाफ्टची गरमी आणि वर यांचे बूट. असं माझं आयुष्य चाललं होतं, आणि मी काही तक्रार करत नव्हतो.

एका उन्हाळ्यात भर वेगात शाफ्टचा जोड तुटला. तुटका दांडा पिसाळल्यासारखा माझ्यावर आपटू लागला. आई गं, काय मार खाल्ला मी त्या दिवशी! पण कड्याबाहेर त्याला येऊ दिलं नाही. रजत आणि त्याचे दोन मित्र धडधाकट काठावर उतरले. दुरुस्तीच्या वेळी ओमप्रकाशजींनी माझ्या पोचांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "यानं तुले वाचवलं, रजत." आयुष्यात मिळालेली ही माझी पहिली शाबासकी.

शाबासकी किती दिवस पुरते? शाफ्टला ग्रीस द्यायचं म्हणजे दर वेळी माझे चार बोल्ट खोला, परत लावा. रजतला त्याचा कंटाळा येऊ लागला. आधी त्याने चारातले दोनच बोल्ट लावणं सुरू केलं. मग मी खडखडायला लागलो, तर वरून मलाच बोलणी. "हे झाकण लई डोकं खाऊन राहिलं," तो म्हणायचा.

अशातच खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं, अवजारं, यंत्रं, गाड्या यांची पूजा करतात, ते तुम्हाला माहीतच आहे. रजतची आई शोभाताई आणि बायको उन्नती पूजेचं ताट घेऊन तलावावर आल्या. उन्नती दातांची डॉक्टर. उजव्या हातावर तिचा सगळा दवाखाना चालतो. त्या दिवशी ती नवी रेशमी साडी नेसून आली होती.

शोभाताई हळदीचं बोट घेऊन वाकल्या आणि थबकल्या. "झाकणाले काय हळद लावू गा? यंत्राले लागली पाह्यजे नं. काढ ते."

रजतने मला खोललं आणि काठावरच्या गवतात ठेवलं. शाफ्टला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. पाना, पेचकस, हातोडी ही सगळी अवजारं पाटावर मांडून त्यांचीही पूजा झाली. मग रजत मला परत लावायला पाना उचलू लागला, तर शोभाताईंनी त्याचा हात धरला. "पूजेतल्या हत्याराले हात नको लावू. उद्या दसऱ्याले उचलजो."

"मग बोट?"

"बोट तर चालवाच लागते. गाडीची पूजा झाली की एक चक्कर मारतेत नं."

असा तो पेच होता. पान्याला विश्रांती आणि बोटीला चक्कर. रजतने हार तेवढा काढून ठेवला. उन्नती मागच्या बाकावर बसली, तिने खाली पाहिलं आणि विचारलं, "अहो, झाकण राह्यलं नं?"

"उद्या लावतो वं. एकच तर चक्कर हाय."

मी गवतात पडून पाहत होतो. मला ओरडता येत असतं तर मी घसा फुटेपर्यंत ओरडलो असतो. बोट सुटली, वारा उठला, उन्नतीचा पदर फडफडला आणि खाली उघड्या शाफ्टमध्ये गेला. इंजिनचा आवाज क्षणभर घुसमटला. उन्नती बाकावरून खाली ओढली गेली, दिसेनाशी झाली. रजतने इंजिन बंद केलं तेव्हा तलावावर फक्त तिची किंकाळी उरली होती.

खांद्यावरची पिन तुटली आणि पदर फाटला, म्हणून तिचा जीव वाचला. पण पदर सोडवायला ती उजव्या हाताने ओढत राहिली होती. खांदा निखळला, आतल्या शिरा ताणल्या गेल्या. नंतर रजत एकटाच येऊन माझ्याजवळ बसायचा. त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून मला कळलं, की ऑपरेशन झालं, पण हातात पूर्वीची पकड येईल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

एकदा शोभाताई आल्या. मला पाहून त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "माह्या हट्टापायी झालं रे हे."

"तुह्या नाही, आई," रजत म्हणाला. "मले माहीत होतं. मी काहून निघालो?"

त्याने मला घासलं, रंग दिला, चारही बोल्ट नवे आणून मला जागेवर घट्ट बसवलं. लोक येऊन माझं कौतुक करू लागले. खरं सांगू? मला ते नकोसं झालं होतं. ज्या दिवशी मी हवा होतो, त्या दिवशी मी गवतात होतो. आता या कौतुकाचं मी काय करू?

कितीतरी महिन्यांनी उन्नती आली. सलवार-कुर्ता घातलेला, ओढणी नव्हती. बोटीत पाय टाकताना तिचा चेहरा पांढरा पडला. "नाही बसलीस तरी चालते," रजत म्हणाला. खाली वाकून तिने उजव्या हाताने माझी कड धरली. बोटं पुरती मिटत नव्हती, पण धरली. मग होती नव्हती ती ताकद लावून तिने मला हलवून पाहिलं. परत एकदा हलवून पाहिलं. मी हललो नाही. तेव्हा ती बाकावर बसली, माझ्यावर पाय टेकवला आणि म्हणाली, "चला."

इंजिन सुरू झालं. खाली शाफ्ट गरगरत होता आणि वर तिचा पाय कापत होता. अर्ध्या तलावानंतर तो कापायचा थांबला.

मित्रांनो, मी थकलो आहे, पण एक मागणं आहे. माझ्यासारखी झाकणं तुमच्या घरच्या पिठाच्या गिरणीला असतात, विहिरीच्या मोटारीला असतात. त्यांना हार घालू नका, त्यांचं कौतुकही करू नका. यंत्र सुरू करण्याआधी हात लावून नुसतं हलवून बघा. हललं तर आधी ते घट्ट करा, मग काय ती चक्कर मारा. झाकणावर कोणीतरी विश्वासाने पाय टेकवून बसलेलं असतं.