जेवणाचा हात

रविवारी सकाळी सव्वासातला गोपाल दिसेनासा झाला. वय तीन, अंगात लाल बनियन. १९९६ चा मार्च होता. पलसाण्याजवळ हायवेलगतच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये त्याचा बाप सुकदेव कापडाच्या लूमवरची रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता. आई सरलाबाई नळावर होती. गोपालला जाताना पाहिलं ते एकट्या ताराने, त्याच्या पाच वर्षांच्या बहिणीने.

पुढच्या दारासमोरच्या गल्लीत बायकांनी तिला घेरलं.

"कथा गया तुना भाऊ?" सरलाबाईने भाऊ कुठे गेला ते विचारलं.

"जेवाना हातकडे."

पुढच्या दारातून बाहेर पडलं की जेवणाचा हात, म्हणजे उजवा, हायवेकडे येतो. तिथे सकाळी एक ट्रक थांबून गेला होता, असं कुणीतरी म्हणालं. सुकदेव चार माणसं घेऊन कडोदऱ्याच्या दिशेने धावला.

सुषमा दोन खोल्या सोडून राहायची. ती मराठी शाळेत पहिलीला शिकवायची आणि पुढच्या महिन्यात तिचा बी.एड.चा बालमानसशास्त्राचा पेपर होता. दोन सिद्धांतांची तुलना नक्की येणार, असं शेजारचे शालिग्राम गुरुजी, तिच्याच शाळेचे मुख्याध्यापक, सांगून बसले होते. स्विस शास्त्रज्ञाच्या मते लहान मूल जग फक्त आपल्या जागेवरून बघतं. समोरच्याला वेगळं दिसत असेल हे त्याला सुचत नाही, आणि वय झाल्याशिवाय सुचणारही नाही. रशियन शास्त्रज्ञाच्या मते मोठ्या माणसाने हात दिला, तर एकट्याला न झेपणारा विचारही मूल करू शकतं. सुषमाला दोन्ही तोंडपाठ होते.

आणि म्हणूनच तिच्या लक्षात आलं, की तारा तेव्हा कुठे बसली होती हे कुणी विचारलंच नव्हतं. खोल्यांना मागूनही दार होतं. मागच्या पायरीवर बसलं की जेवणाचा हात बरोबर उलट पडतो. त्या अंगाला बंद पडलेल्या डाइंगची, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याची, हौदाएवढी कुंडी होती, काळ्या पाण्याने भरलेली. तिला कठडा नव्हता.

"तारा, तू मागच्या पायरीवर बसली होतीस ना?"

पोरगी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने होकारार्थी मान हलवली. सुषमाने तिला उचलून मागच्या पायरीवर नेऊन बसवलं. "आता दाखव, बेटा."

ताराने उजवा हात केला. कुंडीकडे.

सरलाबाई कुंडीच्या काठाशी धावली. कुंडी उपसायची तर माणसं लागणार होती, म्हणून एकजण सायकल घेऊन सुकदेवला परत आणायला सुटला.

"बाई, हे उत्तर कुणाचं?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"तिचं."

"आणि पायरी कुणी सांगितली?"

"मी फक्त हात दिला."

"पेपरात त्याला मार्क मिळतील."

"मग काय, तुमच्या स्विसवाल्याचं ऐकून ती मोठी होईपर्यंत थांबायचं?"

गुरुजी चष्मा पुसत उभे राहिले.

सुकदेव धापा टाकत आला. "हायवेच्या धाब्यावर तीन ट्रक पाहिले. चौथ्याची ताडपत्री सोडत होतो, तेवढ्यात हा सायकलवर बोलवायला आला. गोपालला इकडे येताना पाहिलं कुणी?"

"ताराने," सुषमा म्हणाली.

त्याने पुढे विचारलं नाही. पाणी उपसायची मोटर सुरू झाली तसा तो कुंडीत उतरला, बांबूने तळ चाचपू लागला.

सुषमा मागच्या पायरीवर आली. वर्गात 'समजलं ना?' म्हटलं की सगळ्या माना एकदम हलतात, हे ती रोज बघत होती. तारा तिथेच होती. तिला कुणी उठ म्हटलं नव्हतं.

"तारा, गोपाल गेला तेव्हा तू कुठे बसली होतीस?"

तारा आधी तिच्या तोंडाकडे बघू लागली. या वेळी सुषमाने चेहऱ्यावर काहीच येऊ दिलं नाही.

"तुम्ही सांगं तठेच, बाई."

'तुम्ही सांगितलंत तिथेच' हे ऐकताच सुषमा कुंडीकडे धावली. "सुकदेवभाऊ!" मोटरच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. तिने दुसऱ्यांदा हाक मारण्यासाठी तोंड उघडलं आणि थांबली. त्याला वर बोलवावं की खालीच राहू द्यावं, हे तिला ठरवता येईना. तेवढ्यात ताराचं उत्तर ऐकलेले गुरुजी गुपचूप सायकल काढून धाब्याकडे, त्या चौथ्या ट्रककडे गेले.

बाराच्या सुमारास कुंडीत कमरेइतकं पाणी उरलं होतं. गुरुजी धाब्यावर पोचले तेव्हा चौथा ट्रक निघून गेलेला होता. त्याचा नंबर कुणी घेतला नव्हता, पण तो कामरेजकडे वळला असं चहावाला म्हणाला. गोपाल सापडला नव्हता.