गोल्फ लिमात जीव किती?

आमच्या भैयाजीले विमानात बसाचा शौक कधीच नव्हता. त्याहीले शौक होता विमानातून आपलं घर पाहाचा. नागपूरच्या कडेले, बेसाले, आम्ही घर बांधलं, मंग त्याच्यावर दुसरा माळा चढवला, अन् त्याच्यावर निळी टाकी ठेवली. तवापासून एकच रट, "शोभा, ही टाकी वरतून कशी दिसत असन वं?" मी म्हटलं, टाकी टाकीसारखीच दिसते. पण बायकोचं ऐकतीन तं ते भैयाजी कायचे! सारा मोहल्ला त्याहीले भैयाजी म्हणते, नवरा असला तरी मी बी तेच म्हणते.

मी नागपूर विमानतळाच्या टॉवरवर कंट्रोलर आहो. उंच काचेच्या खोलीत बसून विमानाईले उतरा, थांबा, चढा असं रेडिओवर सांगते. लोकाईले वाटते, काय शांत काम आहे! कायचं शांत? माहा स्वभाव तं आधीच तापट. पण माइकचं बटन दाबलं का आवाज एकदम गोड करा लागते, कारण तिथं बोललेला शब्द अन् शब्द रेकॉर्ड होते. दिवसभराचा राग मंग मी घरी जाऊन भैयाजीवर काढते.

आता जितेंद्रचं सांगते, नाही तं पुढचं समजणार नाही. जितू म्हणजे भैयाजीच्या बहिणीचा पोरगा. आमच्याच घरी राहून एका फ्लाइंग क्लबात विमान शिकून राहिला. दोन सिटाचं, पंख्याचं लहान विमान. एकट्यानं उडवाची परवानगी त्याले नुकतीच भेटली होती. एकट्यानं म्हणजे एकट्यानं, सोबत मांजर बी चालत नाही. कोणाले बसवलं तं परवानगी जाते, अन् पायलट होणं बी बोंबलते. रेडिओवर त्याच्या विमानाचं नाव गोल्फ लिमा अन् माहं नाव टॉवर. मी त्याले आधीच दम देऊन ठेवला होता, "रेडिओवर मले मामी म्हटलं तं कान उपटीन."

त्या दिवशी सकाळी भैयाजी नवा शर्ट घालून म्हणाले, "मी रामटेकले जाऊन राहिलो, दर्शनाले." मले बरं वाटलं. म्हटलं, चला, टाकीचं भूत उतरलं एकदाचं.

मी ड्युटीवर गेली. जितू उडाला, बेसाकडं वळला. सगळं बरोबर चालू होतं. अन् एकदम रेडिओवर आटाचक्की सुरू झाल्यासारखा आवाज आला, अन् त्याच्यातून पोट्ट्याची किंकाळी, "टॉवर, गोल्फ लिमा! दरवाजा उघडला! उजवा दरवाजा!"

हे सगळं इंग्रजीत चालते बरं का, मी तुमाले मराठीत सांगून राहिली. लहान विमानाचा दरवाजा हवेत उघडला तं विमान काही पडत नाही. वारा घुसते, आवाज भल्ला होते, पण विमान उडत राहते. माणसं मरतात ते दरवाजा लावाले जातात म्हणून. दरवाज्याच्या नादात विमान उडवाचंच विसरून जातात.

"गोल्फ लिमा, दरवाज्याले हात लावू नका," मी गोड आवाजात म्हटलं. "पहिले विमान सांभाळा. स्पीड पाहा. सरळ धावपट्टीवर या, रस्ता मोकळा आहे."

मुंबईहून आलेलं मोठं विमान उतराच्या तयारीत होतं, त्याले मी वरच घिरट्या घालाले लावलं. धोक्याची घंटा दाबली. अग्निशमनवाल्या रुपरावच्या गाड्या धावपट्टीकडं निघाल्या. माही साहेब रितिका, वयानं माह्यापेक्षा लहान पण कामात कडक, कानाले हेडफोन लावून माह्या मागं येऊन उभी राहिली.

अशा वक्ताले पायलटले एक गोष्ट विचाराच लागते, विमानात जीव किती? माणसं किती असं नाही विचारत, जीव किती. आग लागली, धूर झाला तं आत काही दिसत नाही. रुपरावची माणसं त्या आकड्यावरच काम करतात. तेवढे जीव बाहेर आले का ते शोधणं थांबवतात.

"गोल्फ लिमा, विमानात जीव किती?"

"एक," जितू म्हणाला.

अन् त्याच्या मागून, वाऱ्याच्या आवाजातून, दुसरा एक आवाज आला. "अबे जितू, पकड न मले! अन् हिले सांगू नको बे!"

अरे बाप्पा! हा तं भैयाजीचा आवाज! माणूस रामटेकले गेला होता न? मंग हा माह्या डोक्यावर काय करून राहिला होता?

"शोभाताई, मागं कोणी बोललं का?" रितिकानं विचारलं.

मी हात वर करून तिले थांबवलं. पोट्ट्याचं गणित मले समजलं होतं. एक म्हणाचं, उतराचं, क्लबाच्या कोपऱ्यात मामाले गुपचूप काढून द्याचं, अन् परवानगी वाचवाची. पण उतरताना विमान कलंडलं तं? एक जीव काढून रुपराव थांबन, अन् माहा माणूस आत राहीन. रुपरावले दोन जीव मीच सांगू शकत होती. सांगणारच होती. पण वाटलं, या पोराले खरं बोलाचा एक मोका द्यावा. उद्या ह्याच्या मागं दोनशे लोक बसतीन, तवा बी हा असाच बोलन का?

"गोल्फ लिमा, पुन्हा सांगा. जीव किती?"

रेडिओवर नुसता वारा. जितूनं बटन दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"मामी," जितू म्हणाला. साऱ्या आभाळानं ऐकलं. "मामी, दोन."

"रुपराव, जीव दोन," मी वॉकीटॉकीवर सांगितलं. एवढं बोलतपर्यंत तिकडं भैयाजीनं पोराच्या हातचं बटन दाबलं होतं. "शोभा, मी जरासा तंबाखूचा खर्रा थुकाले दरवाजा ढकलला वं, तं तो सारा..."

गोड आवाज गेला चुलीत. "अहो! पट्टा बांधला आहे का तुमी?"

"ढिला केला. पोटाले लागते न."

"आवळा! आधी आवळा! हात आत घ्या, तोंड बंद करा, अन् पोराले विमान चालवू द्या!"

मुंबईच्या विमानाचा कॅप्टन मधातच बोलला, "मॅडम, हम आराम से घूम रहे हैं. पहले भाईसाहब को उतार लीजिए."

घरचा माणूस वर असला तं कंट्रोलरले खुर्चीवरून उठवतात. रितिकानं उठवलं नाही. माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बोला ताई. तो तुमच्याच आवाजावर येऊन राहिला."

मंग मी जितूले घरच्यासारखंच सांगत गेली. सावकाश ये गा. नाक खाली ठेव. घाई नको करू. काचेतून विमान दिसलं, उजवा दरवाजा फडफड करून राहिलेला. चाकं टेकली, विमान एकदा उसळलं. पुन्हा टेकलं अन् सरळ धावलं.

रुपराव वॉकीटॉकीवर बोलला, "मॅडम, दोन जीव. दोन्ही साबूत. एक जीव विचारून राहिला, थुकाले जागा कुठं आहे."

मी हसली. हसता हसता असं रडू आलं का रितिकाले माह्या हातातून माइक घ्या लागला.

त्याच दिवशी जितूची परवानगी थांबवली. चौकशी बसली. पुन्हा कधी उडवू देतीन, देतीन का नाही, कोणालेच माहीत नव्हतं. घरी पोरगा खाली मान घालून आला. मी भैयाजीले झोडपाले कंबर कसून उभी होती, पण ते माह्याकडं आलेच नाही. सरळ खाटेवर बसले अन् बहिणीले, अंजनाबाईले, फोन लावला.

"बाई, तुह्या पोराची चूक नाही. मीच जबरदस्तीनं बसलो. त्याचं शिक्षण माह्यापायी अडकलं." फोन दुसऱ्या कानाले लावला. "त्यानं आधी एक सांगितलं होतं, बाई. तेवढ्यावर राहिला असता तं सुटला बी असता. मंग त्यानं मले मोजलं."

 फोन माह्या हातात दिला अन् भिंतीकडं तोंड केलं. इतक्या वर्षांत मी ह्या माणसाले रडताना पाह्यलं नव्हतं. सगळा राग कुठं गेला, माहं मलेच समजलं नाही.

तिकडून अंजनाबाई घाबरून विचारत होत्या, "शोभा, काहून रडून राहिला तो? कोण गेलं वं?"

"कोणी नाही गेलं, बाई," मी म्हटलं. "दोघं बी घरीच आहेत. जितू जेवून राहिला, अन् हे रडून राहिले."