अर्ध्या बोटाचा उतार

लंकाबाईच्या शेळ्या तीन दिवसांपासून गोठ्यात जाईनात. दावं ओढलं की दारातच पाय रोवून उभ्या राहायच्या आणि माना वळवून मागच्या डोंगराकडं बघत बसायच्या.

"बिबट्या फिरतोय का काय, आजी?" नॅन्सीनं विचारलं. शाळेच्या सातवीतल्या अकरा मुलींना घेऊन ती डोंगराकडं निघाली होती. खडकदऱ्याचं हे शेवटचं घर. इथून पुढं चढच.

"बिबट्या आला की वरडत्यात. ह्या गप हायेत," लंकाबाई म्हणाली. "इकडं ये. भिताडाला हात लाव."

गोठ्याची मागची भिंत डोंगराच्या पोटाला टेकलेली होती. नॅन्सीनं हात लावला. भिंत गार होती, ओली होती, आणि दाबली तशी बोटं किंचित आत गेली.

"पाणी मुरतंय, आजी. त्यासाठीच तर आपण चर खणले."

"मुरू दे की. पर साऱ्या डोंगरात जागा सोडून माझ्याच भिताडात का मुरतंय, ते इचार त्याला."

मुली हसल्या. नॅन्सीही हसली, पण ओला हात तिनं ओढणीला दोनदा पुसला.

नॅन्सी भिंगारदिवे मूळची इथलीच. आठ वर्षं तिनं नागापूरच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम केलं. मागच्याच्या मागच्या नाताळाआधी वडील गेले, आणि वर्षभरानं त्यांच्याच संस्थेत ती भूमिसेविका म्हणून लागली. पद अगदी खालचं, अकरा महिन्यांचं. डोंगरावर चरांच्या ओळी आखायच्या, गावाकडून त्या खणून घ्यायच्या आणि शाळेतल्या पोरांना माती-पाण्याचे धडे द्यायचे. वडील थॉमस यांनी हेच काम वीस वर्षं केलं होतं. वरच्या अंगाला त्यांचे चर अजून आहेत. कडेला गवत उभं आहे, झाडं माणसाच्या डोक्यावर गेली आहेत. पारनेरच्या बाजारात कोणी खडकदऱ्याचं नाव काढलं, तर थॉमसचा डोंगर म्हणून काढतं.

खालच्या अंगाच्या चौदा ओळी मात्र नॅन्सीच्या. फेब्रुवारीत आखल्या, मेअखेर खणून झाल्या. आखायला तिनं संस्थेचं नवं यंत्र घेतलं नाही. घरामागच्या पडवीत पप्पांची चौकट भिंतीला टेकून उभी होती, तीच काढली. बांबूचे दोन पाय, वर एकत्र बांधलेले, मध्ये आडवी पट्टी आणि वरून दोरीला लोंबणारा दगड. दोन्ही पाय सारख्या पातळीवर असले की दोरी पट्टीवरच्या खाचेवर येते. ती खाच पप्पांनी चाकूनं पाडली होती. तिच्याभोवतीचं लाकूड त्यांच्या अंगठ्यानं काळं, गुळगुळीत झालं होतं. एका पायाच्या टोकाला माती चिकटली होती. पप्पांच्या शेवटच्या डोंगराची म्हणून नॅन्सीनं ती खरवडून कागदाच्या पुडीत बांधली आणि बायबलात ठेवली.

तेव्हा कानिफनाथनं विचारलं होतं, "खाच तपासून घेतली का?" कानिफनाथ गावचा गवंडी. थॉमसबरोबर तो जन्मभर डोंगर चढला होता.

"पप्पांची खूण आहे ती, काका."

कानिफनाथ कुदळ उचलून चालू लागला. बापाच्या दुःखातल्या पोरीला काय सांगणार.

आज वर पोचल्यावर नॅन्सीनं मुलींना चराच्या काठावर ओळीनं बसवलं. सप्टेंबर सरत आला होता. ऊन होतं, पण त्याला धार नव्हती. पूर्वेकडं आभाळाच्या कडेला काजळी धरल्यासारखी रेघ होती. हस्त लागायला दोन दिवस, आणि मोबाईलवर सकाळपासून दोनदा अतिवृष्टीचा इशारा येऊन गेला होता.

"चर म्हणजे काय?" तिनं नेहमीचा प्रश्न विचारला.

"डोंगरानं घातलेलं कडं," एकीनं शिकवलेलं उत्तर दिलं.

"आणि त्यात पाणी कसं राहतं?"

"थाळीतल्या आमटीसारखं. सगळीकडं सारखं."

"न्हाई राहत," संस्कृती म्हणाली. ही मुलगी प्रश्न विचारायला घाबरत नसे. आखणीच्या वेळी चौकटीचा पुढचा पाय तिनंच धरला होता, मागचा वर्गातल्या पूजानं. "ताई, ह्या टोकाला बघा. तळाला भेगा पडल्यात. त्या टोकाला काठोकाठ हाय."

नॅन्सीनं पाहिलं. पश्चिमेचं टोक कोरडं होतं. चराच्या भिंतीवर पाण्यानं सोडलेली मातकट रेघ तिथं नव्हतीच. ती मध्यावर सुरू होत होती आणि पूर्वेकडं चढत जात होती. नॅन्सी वरच्या ओळीवर गेली. तिथंही तेच. त्याच्या वरही तेच. चौदाच्या चौदा ओळींची पूर्वेची टोकं एका घळीच्या डोक्याशी येऊन थांबत होती आणि प्रत्येक टोकाला तांबडं पाणी तुडुंब उभं होतं. सर्वांत खालच्या बांधाला आडवी भेग गेली होती. नॅन्सीनं तीत हात घातला. मनगटापर्यंत गेला.

घळीच्या तोंडाशी, खाली, लंकाबाईच्या घराचे पत्रे दिसत होते. शेळ्या अंगणात उभ्या होत्या आणि वर बघत होत्या.

"चला," नॅन्सी म्हणाली. "खाली उतरा. पळू नका. घळीतून नको, पलीकडच्या वाटेनं."

शाळेच्या ओट्यावर तिनं घरून आणलेली चौकट उभी केली. दोरी स्थिर झाल्यावर पट्टीवर खडूची रेघ मारली. मग पायांची अदलाबदल केली, ह्या जागी तो, त्या जागी हा, आणि दुसरी रेघ मारली. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरी खूण. ती पप्पांच्या खाचेवर पडायला हवी होती. पडली अर्धं बोट बाजूला.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

तिनं चौकट आडवी केली आणि पुढच्या पायाचं टोक उन्हात धरलं. बांबू आतून पोखरलेला होता. कड झिजून अर्धा इंच गेली होती. नखानं टोकरलं तर भुगा पडला, आणि भुग्यात मातीची बारीक नळी. वाळवीची. तशीच माती तिनं पुडीत बांधून बायबलात ठेवली होती.

"अर्धं बोट," मागून कानिफनाथ म्हणाला. शाळेच्या नळाचं काम टाकून तो केव्हा येऊन उभा राहिला होता, तिला कळलं नव्हतं.

"अर्ध्या बोटानं काय होतं, काका?"

"एका पावलाला काय होत न्हाई. दोनशे फुटांत चौकटीची तेहतीस पावलं. हिशेब तूच कर."

तिनं केला. जवळजवळ एक हात उतार, प्रत्येक ओळीला, त्या घळीकडं.

"पण पप्पांच्या वेळी कधी..."

"तुझा बाप चौकट सरळ न्ह्यायचाच न्हाई. एक पाय रोवायचा, दुसरा गरकन फिरवून म्होरं. मग तो रोवायचा, ह्यो फिरवायचा. आमी म्हनायचो, थॉमसदादा, फुगडी खेळताय का? तर म्हनायचा, चौकटीत खोट असली तर फिरवल्यानं इकडची तिकडं फिटती." तो खाली बसला. "तुमी एक पाय एका पोरीच्या हाती दिला, एक दुसरीच्या. तोच पाय सारखा म्होरं. मी बघत हुतो. बोलायला पायजे हुतं."

लहानपणी नॅन्सीनं ती फुगडी कितीदा पाहिली होती. पप्पा मजेत आले की असं करतात, एवढंच तिला वाटायचं.

"बोलला असतात तरी मी ऐकलं नसतं," ती म्हणाली.

पूर्वेची काजळी आता अर्ध्या आभाळावर आली होती.

लंकाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. घर सोडा, शाळेत चला, हे ऐकून तिनं सूप खाली ठेवलंसुद्धा नाही. "थॉमसच्या चराखाली मी ईस वर्सं झोपले," ती म्हणाली. "पुराच्या साली आख्खा पूल वाहून गेला. माझा एक पत्रा हालला न्हाई. आन् तू आज मला पाऊस दावती व्हय?"

"आजी, ते चर वर आहेत. ते धरतील." नॅन्सीनं घरामागच्या खालच्या ओळींकडं बोट केलं. "तुमच्या डोक्यावरचे त्यांचे नाहीत. माझे आहेत. माझे चुकलेत."

"चौकट त्याचीच ना?"

हो म्हणणं सोपं होतं. पण मग गाव वरच्या चरांकडंही संशयानं बघणार, हे तिला माहीत होतं. नुसतं नाही म्हटलं तर खोटं झालं असतं.

"चौकट त्यांची. पण खाच तपासायची असते, ती मी तपासली नाही. फिरवत न्यायची असते, तशी नेली नाही. त्यांची आठवण हातात धरून चालले मी. पाय बघितलाच नाही."

लंकाबाईनं सुपातले दाणे पोत्यात ओतले. मग सूप भिंतीला टेकवलं.

"शेळ्यांस्नी कळलं हुतं," ती म्हणाली. "मलाच उशीर झाला. दावी सोड."

शाळेत तिची सोय होईपर्यंत कानिफनाथनं गावातून बारा जण गोळा केले. उपाय एकच होता. चरात ठिकठिकाणी मातीच्या आडव्या भिंती घालायच्या, म्हणजे पाणी जिथल्या तिथं अडेल, एका टोकाला धावणार नाही. वरून सुरुवात केली. फावड्यांचा आवाज तेवढा होता. पाखरं दुपारीच झाडांत शिरली होती. तीनच्या सुमारास वारा पडला आणि सगळा डोंगर झाकण ठेवलेल्या भांड्यासारखा कोंदला. आठ ओळी झाल्या होत्या. नवव्या ओळीत पहिलं फावडं पडलं आणि पहिला थेंब आला, रुपयाएवढा.

"खाली," कानिफनाथ म्हणाला.

"सहा राहिल्यात, काका."

"राहू दे. हिशेब पुरे. खाली."

तासाभरात समोरचं काही दिसेना. शाळेच्या व्हरांड्यात माणसं, शेळ्या, घमेली, फावडी एका रांगेत उभी होती. साडेचारला डोंगराकडून आवाज आला. गडगडाट नव्हता तो. कोणीतरी मोठं माणूस झोपेत कूस बदलतं तसा, ओला आणि लांबलेला. मग पत्रा फाटल्याचा आवाज, आणि पुन्हा नुसता पाऊस.

उघडीप झाल्यावर लंकाबाई आपल्या घराच्या पायरीवर येऊन उभी राहिली. गोठा जिथं होता तिथं तांबडा चिखल खिडकीच्या उंचीएवढा बसला होता. घराची मागची भिंत नव्हती. चुलीजवळचा डबा तेवढा फळीवर जागच्या जागी होता.

"खालच्या दोन गेल्या," कानिफनाथ वर बघून म्हणाला. "चार अजून भरून उभ्या हायेत. आन् हस्त तर अजून लागायचाय."

लंकाबाई वळून शेळ्यांकडं, शाळेत परतली, मागोमाग बाकीचे. नॅन्सीनं चौकट उचलली, किडका पाय सोडवून बाजूला टाकला आणि नवा बांबू बांधला. मग ओट्यावर नेऊन खूण काढली, पाय बदलले, पुन्हा काढली. चाकू हातात घेऊन ती जुन्या खाचेकडं क्षणभर बघत राहिली, आणि तिच्या शेजारी तिनं नवी खाच पाडली.

"सकाळी जायचं ना वर?" तिनं विचारलं.

"सकाळपातूर टिकलं तर," कानिफनाथ म्हणाला.

व्हरांड्यात शेळ्या बसल्या नव्हत्या. पाऊस पुन्हा सुरू झाला तेव्हा साऱ्यांनी एकदम माना वळवल्या, डोंगराकडं.