ठमीचा लाल पट्टा

आमच्या सूनबाईला घरात शिरल्यावर सासू दिसत नाही, आधी मोरी दिसते. त्या दिवशी भर दुपारी अशीच आली, चपला भिरकावल्या आणि नळाखाली कोपरापर्यंत हात घासत बसली.

"माणसांत आलीस, तोंडानं काही बोल तरी," मी म्हणाले. "का मीपण तुझ्या पिंजऱ्यातली, नुसती बघायची?"

एरवी हसली असती. प्राणिसंग्रहालयात हरणं सांभाळते ती. मी दुसरीपर्यंत शिकलेली, ती पुस्तकं वाचून जनावरांना औषधं देणारी, पण माझा टोमणा तिला कळतो. त्या दिवशी पाठमोरीच म्हणाली, "आई, ठमी आत शिरली. चाऱ्याच्या गाडीमागून. पाडसाच्या मानेला चावली."

ठमी आमच्या दारची कुत्री, माझ्या ताटातलं खाऊन वाढलेली. आणि पाडस म्हणजे आई मेलेलं, वीस दिवसांचं हरणाचं पिल्लू. सून त्याला बाटलीनं दूध पाजायची. माझ्या मुलाला तिनं कधी इतक्या मायेनं वाढलेलं मी पाहिलं नाही.

"तो रखवालदार काय झोपला होता?"

"त्यानं गळ्यातला पट्टा पाहिला. लाल पट्टा असला की काठी उगारायची नाही, हे मीच शिकवलंय त्याला."

हा पट्ट्याचा उद्योग सुनेचाच. पिसाळलेलं कुत्रं आत शिरलं तर जनावरं हकनाक जातील, म्हणून संग्रहालयाच्या भिंतीभोवतीच्या सगळ्या कुत्र्यांना दर वर्षी लस टोचायची. ज्याला टोचलं, त्याच्या गळ्यात लाल पट्टा. टोचणारी माणसं आमच्या दारी आली तेव्हा ठमी पिल्लांना पाजत होती. ओल्या बाळंतिणीला सुया टोचतात का कुणी? मी तिला खाटेखाली सरकवलं आणि "कुत्री नाही घरात" म्हणून माणसांना वाटेला लावलं. मग जुन्या पिशवीचा लाल बंद कापला आणि तिच्या गळ्यात शिवून टाकला. सुई लागली ती पट्ट्याला, कुत्रीला नाही.

संध्याकाळी सुनेनं विचारलं होतं, "ठमीला टोचलं ना?"

"पट्टा दिसत नाही का?" मी म्हणाले होते. खोटं बोलायची मला सवय नाही. मी फक्त प्रश्न विचारला.

आणि आदल्याच दिवशी ठमी तोंडावर पंजे घासू लागली. लाळ गळत होती, पाणीसुद्धा गिळवेना. हाड अडकलंय, काढ म्हणून मीच सुनेच्या मागे लागले. तिनं आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग हात घातला. हाड सापडलं नाही. बोटाला दात तेवढा लागला.

"आमचे डॉक्टर म्हणाले, कुत्रीला लस झालीय तर काळजी नाही," सून सांगत होती. "पाडस एकटं राहत नाही, ओरडतं. संध्याकाळी कळपात सोडतील."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी सरकली नाही. उलट पाय तिच्यात रुतले. सुनेच्या बोटावरची चिंधी पाण्यानं सुटून लोंबत होती. मी त्या चिंधीकडेच बघत राहिले.

"तो पट्टा माझा आहे," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मी शिवलेला. ठमीला टोचलेलं नाही."

ती ओरडेल म्हणून मी चार उत्तरं तयार ठेवली होती. ती ओरडली नाही. ओल्या हातानंच तिनं फोन लावला. "पाडसाला कळपात सोडू नका. वेगळं ठेवा. उघड्या हातानं कुणी शिवू नका." आवाज तिचा नव्हताच. मग तिनं माझं मनगट धरलं आणि मला नळापाशी ओढलं.

"मला काय झालंय?"

"काल तुम्ही तिची लाळ पुसलीत. बोटांच्या भेगा बघा तुमच्या."

ती साबण लावत राहिली, एकेक बोट सुटं करून, लहान मुलाचे हात धुवावेत तसे. पंधरा मिनिटं, घड्याळ बघून. मी लग्न होऊन आल्यापासून या घरात माझा हात कुणी असा धरला नव्हता.

तिथून थेट दवाखाना. तिला कामामुळे आधीची लस होती, म्हणून दोन सुयांवर निभावलं. मला अख्खी माळ. मुलगा म्हणाला, "आई, आयुष्यभर तू टोचलंस, आता घे."

ठमी दुसऱ्या दिवशी गेली. तपासणीत नको तेच निघालं. पाडसाला डॉक्टरांनी सुई देऊन कायमचं झोपवलं. सून हातमोजे घालून त्याचं डोकं धरून बसली होती, असं रखवालदारानं सांगितलं.

माझ्या तिसऱ्या सुईच्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलो होतो. रुमाल काढायला तिनं पिशवी उघडली, तर आत ती दुधाची बाटली. धुतलेली, बूच लावलेली. तिनं पिशवी पटकन मिटली.

मी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "ऐक. चूक माझी, ती मी कुणापुढंही सांगेन. पण तुझीही एक आहे. दात लागला तेव्हाच सुई घ्यायची सोडून तू माझ्या शिलाईवर विश्वास ठेवलास. यापुढं सासू काहीही म्हणो, तू आधी टोचायचं. विचारायचं मग."